डेटा सिंक आणि प्लास्टिक मोल्डिंगमधले शोध : पेटंटविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुळात टूलरूममधला, म्हणजे प्लास्टिकचे साचे बनवणाऱ्या शेडमधला माणूस. गेली काही वर्षं लहान कारखानदारांना आणि नव्या सॉफ्टवेअर कंपन्यांना पेटंटचे कागद तयार करायला मदत करतो. भोसरी, चाकण, अंबड, वाळूज इथून येणारे प्रश्न डाय (साचा), दाणा (कच्चं प्लास्टिक) आणि सायकल टाइमचे (एक पार्ट बनायला लागणाऱ्या वेळाचे) असतात. हिंजवडी-बाणेरकडून येणारे प्रश्न असतात सर्व्हर आणि मोबाइलमधला डेटा जुळवण्याचे, म्हणजे सिंकचे. विचारणाऱ्यांची घालमेल मात्र दोन्हीकडे सारखीच असते. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून इथे एकत्र केले आहेत. रकमा आणि मुदती २०२४ च्या सुधारित नियमांप्रमाणे आहेत.

१. मोल्डिंग आणि डेटा सिंक या दोन टोकाच्या गोष्टी एकाच पानावर कशाला?

कारण आता त्या एकाच शेडमध्ये राहतात. वितळलेलं प्लास्टिक दाबाने साच्यात भरणारं इंजेक्शन मोल्डिंग मशिन प्रत्येक शॉटचा (साचा एकदा भरण्याचा) दाब, तापमान, कुशन (पुढे उरलेला माल), सायकल टाइम बाहेर देतं आणि ते सगळं ऑफिसातल्या संगणकाशी जुळवायचं असतं. मशिन आणि उत्पादन-व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर यांच्यातल्या या बोलण्यासाठी युरोमॅप ७७ नावाचं मानकही आहे. त्यामुळे एकाच माणसाकडे कधी डायमधला शोध असतो, तर कधी डेटामधला.

दुसरं कारण माझ्या दृष्टीने मोठं आहे. एक शोध हातात धरता येतो, दुसरा येत नाही. दोन्ही शेजारी ठेवले की कायदा कशाला ‘शोध’ म्हणतो ते लवकर उमगतं.

२. मला एक कल्पना सुचली आहे. ती शोध होते का?

नुसती कल्पना होत नाही. पेटंट कायदा, १९७० तीन गोष्टी मागतो: नवेपणा, त्या विषयातल्या जाणकारालाही सहज सुचणार नाही अशी पुढची पायरी, आणि उद्योगात वापरता येणं.

प्लास्टिकच्या बाटलीचं उदाहरण घ्या. ‘सोड्याची बाटली काचेऐवजी प्लास्टिकची असावी’ हे कुणीही म्हणेल. पेट हे प्लास्टिक १९४१ पासून माहीत होतं आणि हवा फुंकून बाटल्या बनवण्याची रीतही जुनी होती. ड्युपॉन्ट या अमेरिकी रसायन कंपनीतल्या नॅथनिएल वायथ यांनी डिटर्जंटच्या प्लास्टिक बाटलीत जिंजर एल हे फसफसणारं पेय भरून फ्रिजमध्ये ठेवलं, तर वायूच्या दाबाने बाटली फुगून बसली. खरी अडचण तिथे दिसली: साध्या फुंकलेल्या बाटलीची भिंत दाब पेलत नाही. त्यांनी प्लास्टिकला उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही दिशांनी ताणलं. त्यामुळे आतल्या रेणूंच्या साखळ्या रांगेत आल्या आणि पातळ भिंतही दाब सोसू लागली. पेटंट मिळालं १९७३ मध्ये, आणि ते मिळालं या ताणलेल्या भिंतीला.

म्हणून कुणी फोन केला की मी पहिल्यांदा शोध विचारत नाही, अडचण विचारतो. कुठला पार्ट, कुठे बिघडत होता, आधी लोक काय करायचे आणि ते का पुरत नव्हतं? हे चार ओळींत सांगता आलं, तर अर्धा मसुदा तयार असतो.

३. इंजेक्शन मोल्डिंग दीडशे वर्षं जुनं आहे. त्यात नवीन काय उरलंय?

जुनं आहे हे खरं. हस्तिदंताच्या बिलियर्ड चेंडूंना पर्याय शोधताना अमेरिकेतले जॉन हायट सेल्युलॉइड या सुरुवातीच्या प्लास्टिककडे वळले. तापवलेल्या नळीतून दट्ट्याने ते साच्यात ढकलणाऱ्या यंत्राचं पेटंट त्यांनी भावासोबत १८७२ मध्ये घेतलं. पुढे सत्तरेक वर्षं दट्ट्याच चालला. पण दट्ट्या माल नुसता ढकलतो, ढवळत नाही. नळीच्या भिंतीजवळचा माल जास्त तापायचा आणि मधला कच्चा राहायचा. १९४६ मध्ये जेम्स हेंड्री यांनी दट्ट्याच्या जागी फिरणारा स्क्रू आणला. माल आत जाण्याआधीच मिसळू लागला, वेगावर ताबा आला, रंग किंवा रीग्राइंड (दळलेला टाकाऊ माल) नव्या दाण्यात एकजीव करणं शक्य झालं. आज तुमच्या दाणा ओतायच्या हॉपरखाली फिरणारा स्क्रू त्याच वंशातला आहे.

नवेपणा नेहमी असा अरुंद जागी सापडतो. जाड बॉसच्या (स्क्रू बसवायच्या उंचवट्याच्या) मागे पडणारा सिंक मार्क, म्हणजे खळगा, लांब झाकणाचं वाकणं, अंडरकट (साच्यात अडकणारी खाच) सोडवताना तुटणारी कडा, पार्ट बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनचा ठसा. जो रोज हे निस्तरतो त्याच्याकडेच यातले शोध असतात, आणि बहुतेक वेळा तो त्यांना ‘जुगाड’ म्हणून सोडून देतो. याची मला फार चुटपुट लागते.

४. सिंक म्हणजे इकडची फाइल तिकडे कॉपी. त्यात शोध कसला?

कॉपी सोपी असते, जोपर्यंत काही बिघडत नाही. दोघांनी एकाच वेळी एकच नोंद बदलली. मध्येच नेटवर्क गेलं. एका फोनचं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे. आता खरी नोंद कुठली?

या प्रश्नाच्या एकेका पदरावर लोकांनी वर्षानुवर्षं काम केलं आहे. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये दाखवलं की घड्याळावर न विसंबता, प्रत्येक संदेशासोबत एक चढता आकडा पाठवून कोणती घटना कुठल्या घटनेच्या आधीची हे ठरवता येतं. ॲण्ड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात आरसिंक लिहिलं. एका बाजूचा संगणक आपल्या फाइलचे ठरावीक तुकडे करून प्रत्येकाची छोटी ‘खूण’ पाठवतो. दुसरा आपल्या फाइलवर एकेक बाइट सरकत तीच खूण कुठे जुळते ते बघतो आणि न जुळणारा भागच पाठवतो. मोठ्या फाइलमध्ये दोन ओळी बदलल्या तर दोन ओळींच्या आसपासच डेटा तारेवरून जातो. २०११ मध्ये मार्क शापिरो आणि सहकाऱ्यांनी अशा डेटारचना व्यवस्थित मांडल्या, ज्यांत बदल कुठल्याही क्रमाने पोचले तरी सगळ्या प्रती शेवटी सारख्याच होतात.

ही नावं मुद्दाम सांगितली. एक तर इथे शोधाला जागा आहे हे कळावं म्हणून, आणि दुसरं म्हणजे या सगळ्या गोष्टी आता जाहीर ज्ञान आहेत. ‘फक्त बदललेला भाग पाठवतो’ एवढंच लिहून अर्ज केलात तर तपासनीस १९९६ वर बोट ठेवेल.

५. भारतात सॉफ्टवेअरचं पेटंट मिळतच नाही ना?

अर्धं खरं. कलम ३(के) म्हणतं की गणिती किंवा व्यवसायाची पद्धत, ‘केवळ संगणक-प्रोग्रॅम’ आणि अल्गोरिदम यांना पेटंट नाही. सगळा वाद या ‘केवळ’ शब्दाभोवती फिरतो. डिसेंबर २०१९ मध्ये फरीद अलानी यांच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं की बंदी केवळ प्रोग्रॅमवर आहे, प्रोग्रॅमवर आधारलेल्या प्रत्येक शोधावर नाही. शोधाने तांत्रिक परिणाम किंवा तांत्रिक योगदान दिलं, तर त्याची तपासणी व्हायला हवी.

सीमा कुठे पडते ते २०२४ च्या ऑगस्टमध्ये दिसलं. ब्लॅकबेरी कंपनीची दोन अपिलं त्याच न्यायालयापुढे होती. वायरलेस यंत्रणेच्या व्यवस्थापनाचं अपील मान्य झालं. माध्यम-फाइली आपोआप निवडण्याचं दुसरं अपील मात्र फेटाळलं गेलं, कारण ते मुळात सूचनांचा संच, म्हणजे अल्गोरिदम आहे असं न्यायालयाला दिसलं.

आता कारखान्यातलं उदाहरण. समजा तुमच्या शेडमध्ये बारा मशिनं आहेत, नेटवर्क दिवसातून चारदा जातं आणि प्रत्येक मशिनजवळचा नियंत्रक (छोटा संगणक) स्वतःपुरती नोंद ठेवतो. ‘नोंदी नंतर एकत्र करून मालकाला अहवाल देण्याची पद्धत’ असं लिहिलंत तर ३(के) समोर उभं राहील. पण नियंत्रकाची स्मृती तुटपुंजी असताना कोणत्या नोंदी आधी ठेवायच्या, दुवा परत आल्यावर त्या कमीत कमी फेऱ्यांत कशा जुळवायच्या, आणि त्यामुळे मशिन न थांबता चुकीचा शॉट वेळेत कसा बाजूला काढला जातो, हे लिहिलंत तर यंत्रणेच्या कामात पडलेला फरक कागदावर दिसतो. जमल्यास आधीचे आणि नंतरचे आकडेही द्या.

६. मोल्डिंगला तरी असा काही अडसर नाही ना?

३(के) नाही, पण दुसरे दोन आहेत. कलम ३(एफ) : माहीत असलेली साधनं नुसती शेजारी मांडली आणि प्रत्येक आपापलं जुनंच काम करत राहिलं, तर तो शोध नव्हे. कलम ३(डी) : माहीत असलेल्या यंत्राचा किंवा प्रक्रियेचा नुसता वापर हाही शोध नव्हे. मशिनला कन्व्हेयर जोडला, त्यापुढे वजनकाटा ठेवला, एवढ्यावर भागत नाही. वजनातला फरक वाचून पुढच्या शॉटचा होल्डिंग प्रेशर (साचा भरल्यावर धरून ठेवलेला दाब) आपोआप बदलत असेल तर भाग एकमेकांशी बोलू लागले. मग तपासणी प्रश्न २ मधल्या तीन कसोट्यांवर होते.

७. प्रदर्शनात माल मांडला. आता अर्ज करता येईल का?

हा प्रश्न वाचताना दरवेळी पोटात गोळा येतो. एका कारखानदाराने डब्याच्या झाकणासाठी सुंदर सील शोधलं होतं. वेगळा रबर रिंग नाही, झाकणाच्याच ओठाने बंद होणारं. त्याने ते औद्योगिक प्रदर्शनात मांडलं, पत्रकात काटछेदाचं चित्र छापलं आणि चार महिन्यांनी माझ्याकडे आला. त्याचं स्वतःचंच पत्रक त्याच्या आड आलं.

नियम असा: अर्जाच्या तारखेआधी जे जाहीर झालं ते नवं नाही, जाहीर करणारे तुम्ही स्वतः असलात तरी. कलम ३१ मध्ये बारा महिन्यांची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती, किंवा विद्वत्संस्थेपुढे वाचलेल्या निबंधापुरती. सवलत हवी असेल तर नमुना ३१ भरावा लागतो. कुठल्याही हॉलमधला स्टॉल त्यात बसत नाही. अनेक देशांत तर एवढीही सूट नाही.

म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी अर्ज, मग स्टॉल. घाई असेल तर प्रश्न ९ मधला तात्पुरता अर्ज त्यासाठीच आहे.

८. ग्राहकाला सॅम्पल दिलं, व्हॉट्सॲपवर व्हिडिओही पाठवला. हेही जाहीर झालं का?

कुणाला आणि कोणत्या बोलीवर दिलं यावर ते ठरतं. गुप्ततेचा करार करून एका ग्राहकाला ट्रायलसाठी दिलेलं सॅम्पल जाहीर मानलं जात नाही. बोलणी तोंडी झाली असतील तर सिद्ध करणं कठीण जातं, म्हणून निदान ईमेलवर ‘ही माहिती गोपनीय आहे, फक्त चाचणीसाठी’ एवढं लिहून समोरच्याचा होकार घ्या. दोनशे जणांच्या गटात टाकलेला व्हिडिओ, यूट्यूब, इन्स्टाग्राम किंवा संकेतस्थळ यांच्याबाबतीत मात्र बचाव नाही.

सॉफ्टवेअरवाल्यांनी आणखी एक पाहावं. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर सार्वजनिक टाकलेला कोड त्या दिवसापासून जाहीर असतो, आणि त्यावर तारीख उमटलेली असते.

९. तात्पुरता अर्ज आणि पूर्ण अर्ज यांत फरक काय?

तात्पुरत्या अर्जाने तारीख मिळते. त्यानंतर बारा महिन्यांच्या आत पूर्ण तपशील द्यायचा, नाहीतर अर्ज सोडून दिल्यासारखा होतो. तात्पुरत्या अर्जात दावे, म्हणजे नेमका कशावर हक्क मागतो हे सांगणारी वाक्यं, लिहावे लागत नाहीत.

गफलत अशी होते की लोक तात्पुरता म्हणून दोन परिच्छेद खरडतात. तारखेचं संरक्षण फक्त त्यात लिहिलेल्या गोष्टींनाच मिळतं. सहा महिन्यांनी कूलिंग चॅनेलची (डाय थंड करणाऱ्या वाटांची) मांडणी बदललीत आणि ती पहिल्या कागदात नसेल, तर तिला जुनी तारीख लागत नाही. म्हणून तात्पुरत्या अर्जातही रेखाचित्र, मापांच्या मर्यादा, पर्यायी रचना आणि सिंकच्या बाबतीत संदेशांचा क्रम घालावा.

१०. खर्च किती? आणि अर्ज कुठे करायचा?

महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पेटंट कार्यालय मुंबईत, अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात आहे. मात्र अर्ज ऑनलाइन होतो आणि तोच स्वस्त पडतो, कागदी अर्जाला दहा टक्के जास्त लागतात.

व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्थांना ऑनलाइन अर्जाचे १,६०० रुपये, इतरांना ८,०००. तीस पानांनंतर दर पानाला १६० आणि दहा दाव्यांनंतर दर दाव्याला ३२० रुपये हे सवलतीचे दर. परीक्षणाच्या विनंतीचे ४,००० रुपये. लघुउद्योगाने उद्यम नोंदणीसोबत नमुना २८ जोडायचा. तो राहिला म्हणून पाचपट शुल्क भरलेले लोक मी पाहिले आहेत.

एजंटचा खर्च वेगळा. स्टार्टअपसाठी केंद्र सरकारच्या योजनेत नेमलेल्या सहायकांची फी सरकार देतं, तुम्ही फक्त सरकारी शुल्क भरता. पेटंट मिळाल्यावर, अर्जाच्या तारखेपासून मोजलेल्या तिसऱ्या वर्षापासूनचं नूतनीकरण असतं: सवलतीच्या दराने वर्षाला ८०० रुपयांपासून सुरू होऊन सोळाव्या वर्षापासून ८,००० पर्यंत. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं.

११. अर्ज केल्यावर पुढे काय होतं?

अठरा महिन्यांनी तो प्रसिद्ध होतो. आधी हवा असेल तर वेगळं शुल्क भरता येतं. परीक्षणाची विनंती ३१ महिन्यांच्या आत करायची. आधी ही मुदत ४८ महिन्यांची होती आणि जुन्या सवयीने थांबणारे अजून सापडतात, म्हणून सांगतो: विनंती केली नाही तर अर्ज मागे घेतल्यासारखा धरला जातो. तपासणीचा अहवाल आल्यावर उत्तराला सहा महिने, वाढवून घेतलेत तर आणखी तीन.

घाई असेल तर जलद परीक्षण आहे. स्टार्टअप आणि लघुउद्योगांना ते मागता येतं, आणि अर्जदारांपैकी किमान एक स्त्री असेल तरीही. ही शेवटची सोय बऱ्याच जणींना ठाऊक नसते.

१२. पेटंट घ्यावं, डिझाइन नोंदवावं की कॉपीराइट पुरेल?

तिन्ही वेगवेगळ्या गोष्टी राखतात. काम कसं होतं ते पेटंट राखतं. डोळ्याला दिसणारं रूप डिझाइन कायदा, २००० राखतो, तोही दहा आणि वाढवून आणखी पाच वर्षं. सिंकचा लिहिलेला कोड कॉपीराइटखाली आपोआप येतो, पण दुसऱ्याने तीच युक्ती स्वतःच्या शब्दांत लिहिली तर कॉपीराइट आड येत नाही.

लेगो या प्लास्टिकच्या खेळण्यातल्या विटांची गोष्ट इथे चपखल बसते. खालून पोकळ नळ्या आणि वर खुंट्या असलेल्या त्या विटेच्या पकडीचा अर्ज डेन्मार्कमध्ये २८ जानेवारी १९५८ ला झाला. पेटंटं संपल्यावर कंपनीने विटेचा आकारच ट्रेडमार्क म्हणून राखण्याचा प्रयत्न केला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये नकार दिला, कारण तो आकार तांत्रिक काम करतो. तुमच्या डब्याचा बाहेरचा घाट डिझाइनमध्ये जाईल, आतला स्नॅप-फिट (दाबून अडकणारी पकड) जाणार नाही. डिझाइनलाही प्रश्न ७ ची अट लागू आहे: आधी नोंदणी, मग बाजार.

१३. डाय टूलरूमवाल्याने बनवली, कोड नोकराने लिहिला. शोधक कोण?

ज्याने डोकं चालवलं तो शोधक. दिलेल्या ड्रॉइंगप्रमाणे धातू कापणारा शोधक होत नाही, पण ‘इथे सरळ कोअर (साच्याचा आतला गाभा) निघणार नाही, दोन तुकड्यांचा घ्या’ असं सुचवून अडचण सोडवणारा होऊ शकतो. पैसे दिले म्हणून मालक शोधक ठरत नाही. तो अर्जदार होऊ शकतो, त्यासाठी शोधकाने हक्क लिहून द्यावा लागतो.

कोडच्या कॉपीराइटचा पहिला मालक नोकरीत लिहिलेल्या कामापुरता सहसा नोकरी देणारा असतो. पेटंटच्या हक्काबद्दल मात्र आपल्या कायद्यात असं आपोआप काही होत नाही, नेमणूकपत्रात ते स्पष्ट हवं. शोधकाचं नाव गाळू नका. ते त्याच्या हक्काचं आहे.

१४. परदेशी कंपनीचं पेटंट आहे. मी ते इथे वापरलं तर?

पेटंट देशापुरतं असतं. भारतात घेतलेलंच नसेल, किंवा मुदत संपली असेल, किंवा नूतनीकरण चुकून ते गेलं असेल, तर इथे बनवायला आणि विकायला मोकळीक आहे. ज्या देशात ते जिवंत आहे तिथे निर्यात केलीत तर अडकाल. भारतीय स्थिती पेटंट कार्यालयाच्या इनपास या शोधयंत्रावर फुकट दिसते, जगभरची गुगल पेटंट्स आणि एस्पेसनेटवर. रात्री तासभर जुनी पेटंटं चाळावीत. डायची इतकी नेटकी चित्रं फुकट दुसरीकडे कुठे मिळणार?

१५. आमचा सर्व्हर परदेशात आणि वापरणारे भारतात. दावे कसे लिहायचे?

सिंकमधला हा सर्वांत नाजूक प्रश्न आहे. अमेरिकेतला ब्लॅकबेरीचा खटला यासाठी वाचण्यासारखा आहे. एनटीपी नावाच्या कंपनीकडे फोनवर ईमेल आपोआप पोचवण्याची पेटंटं होती. ब्लॅकबेरी बनवणाऱ्या कंपनीची संदेश पुढे धाडणारी यंत्रणा कॅनडात होती. २००५ मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने म्हटलं: यंत्रणेचे दावे मोडले गेले, कारण यंत्रणेवर ताबा आणि तिचा लाभ अमेरिकेत होता. पद्धतीचे दावे मात्र मोडले गेले नाहीत, कारण पद्धतीची एक पायरी देशाबाहेर घडत होती. पुढच्या वर्षी ६१.२५ कोटी डॉलरवर तडजोड झाली.

तो निकाल भारतीय न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण लिहिण्याचा धडा घेण्यासारखा आहे. एकच लांब दावा ‘फोन हे करतो, सर्व्हर ते करतो’ असा लिहू नका. फोनच्या बाजूने स्वतंत्र दावा, सर्व्हरच्या बाजूने स्वतंत्र आणि पूर्ण यंत्रणेचा तिसरा. पहिल्या दोन्हींत एकाच पक्षाची कृती ठेवा.

१६. माझ्या प्रक्रियेने कुणी बाहेर देशात माल बनवून इथे आणला तर?

भारतात तुमचं प्रक्रियेचं पेटंट असेल तर त्या प्रक्रियेतून थेट बनलेल्या मालाच्या आयातीवर आणि विक्रीवरही तुमचा हक्क पोचतो, कलम ४८ तसं सांगतं. अडचण सिद्ध करण्याची. माल नवा असेल तर काही परिस्थितीत न्यायालय समोरच्याला ‘तुम्ही वेगळी प्रक्रिया वापरता हे दाखवा’ असं सांगू शकतं. म्हणून पार्टवर प्रक्रियेची काही खूण राहते का ते अर्ज लिहितानाच बघा: गेटची (माल साच्यात शिरतो त्या तोंडाची) जागा, आतली पोकळी, थरांची जाडी.

१७. त्यापेक्षा गुपितच ठेवलं तर?

पार्ट हातात घेऊन जे ओळखता येत नाही ते गुपित ठेवणं अनेकदा शहाणपणाचं. बॅरलची (माल वितळवणाऱ्या नळीची) तापमानं, रीग्राइंडचं प्रमाण, होल्डिंगच्या पायऱ्या, किंवा फक्त सर्व्हरवर चालणारी डेटा जुळवण्याची रीत. मात्र जे पार्ट कापून दिसतं ते पेटंटशिवाय टिकणार नाही.

दोन्ही अर्धं-अर्धं करू नका. कायदा तुम्हाला माहीत असलेली सर्वांत चांगली रीत उघड करायला सांगतो. पेटंटही घेतलं आणि कळीचं तापमान दडवलं, तर याच कारणाने पेटंट रद्द होऊ शकतं. भारतात व्यापारी गुपितांचा वेगळा कायदा नाही, सारी भिस्त करारांवर आणि कोण काय पाहू शकतं यावर.

१८. अर्जानंतर मी शोध सुधारला. नवा अर्ज करू?

दोन वाटा आहेत. सुधारणा स्वतःच्या पायावर उभी राहत असेल तर नवा अर्ज. ती मूळ शोधाचीच बारीक दुरुस्ती असेल तर ‘जोड पेटंट’ मागता येतं. त्याला वेगळं नूतनीकरण शुल्क नाही, पण ते मूळ पेटंटसोबतच संपतं.

दुसऱ्याच्या पेटंटवर सुधारणा केली असेल तर तिचं पेटंट तुम्हाला मिळू शकतं. पण पेटंट म्हणजे इतरांना रोखण्याचा हक्क. मूळ पेटंट जिवंत असेपर्यंत तुमचा माल बनवायला त्या मालकाची परवानगी लागेलच.

१९. डायवर ‘पेटंट’ असं कोरून ठेवलं तर नकलाकार घाबरतील का?

पेटंट मिळालेलं नसताना तसं कोरणं गुन्ह्यासारखं महागात पडतं, दंड दहा लाखांपर्यंत. अर्ज केला असेल तर ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ असं खरं तेच लिहा. हक्क अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून मोजला जातो, पण नकलेविरुद्धचा खटला पेटंट मिळाल्यावरच दाखल करता येतो. तोपर्यंत नकलेची बिलं, फोटो, तारखा जपून ठेवा.

२०. परदेशात आधी अर्ज केला तर चालेल?

भारतात राहणाऱ्याने आधी इथे अर्ज करून सहा आठवडे थांबायचं, किंवा पेटंट कार्यालयाची परवानगी घ्यायची. परदेशी ग्राहकासाठी काम करणाऱ्या सॉफ्टवेअर चमूंकडून हे हमखास सुटतं. पुण्यात बसलेला एक जरी शोधक असला तरी ही अट आहे. भारतीय अर्जानंतर बारा महिन्यांच्या आत बाहेर अर्ज केलात तर पहिली तारीख टिकते.

२१. नकार आला. आता?

तीन महिन्यांच्या आत उच्च न्यायालयात अपील करता येतं. मुंबई कार्यालयाच्या निर्णयाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात. पूर्वीचं अपील मंडळ २०२१ मध्ये बंद झालं, त्यामुळे जुन्या पुस्तिकांमधला पत्ता आता उपयोगाचा नाही.

नकाराच्या आदेशात फक्त कलमाचा आकडा आहे की कारणंही आहेत, हे आधी वाचा. सिंकच्या अर्जांत ‘३(के)’ एवढंच लिहून तांत्रिक परिणामाचा विचारच केलेला नसेल, तर अपिलात तो मुद्दा बळकट असतो. आणि एक गोष्ट नकार येण्याआधीची: एका अर्जात दोन शोध असतील, म्हणजे डायची रचना आणि तिच्या सेन्सरचा डेटा जुळवण्याची रीत, तर विभाजित अर्ज निर्णय होण्याआधीच करायचा असतो. नकाराचा आदेश हातात पडल्यावर ते दार बंद झालेलं असतं.